छत्तीस मीटर पाणी

वॉचेट बंदराच्या कचेरीत, किटलीमागच्या कपाटात,
रेग चिजीचं भरतीमापक अजून जागं आहे.
कार्डावर चिकटपट्टी, तिच्यावर निळं बॉलपेन:
डी, आठ, शून्य, शून्य, शून्य.
एवढाच पत्ता. गल्ली नाही, गाव नाही.

"सरळ जायचं," रेग म्हणतो. वय एक्याऐंशी, हातात सायकलचा पंप.
"डॉसमध्ये कोण विचारायचं? पत्ता ठाऊक असला
की हात घालायचा आणि पाणी किती ते बघायचं,
बाळाच्या अंघोळीत कोपर बुडवतात तसं."

त्याचं जुनं यंत्र मार्चमध्ये धूर सोडून गेलं.
नव्यावर लिनक्स. मी रूट, म्हणजे घरची मालकीण,
सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला,
आणि तरी त्या पत्त्याच्या उंबऱ्यावर एकच ओळ:
या कृतीला परवानगी नाही.
का, ते नाही. कोणाला भेटायचं, ते नाही.
आमच्या मामलेदार कचेरीत निदान खिडकीचा नंबर तरी सांगतात.

इथे कुठल्याच प्रोग्रामला खरा पत्ता कळत नाही.
प्रत्येकाला एकेक कागदी गाव वाटून दिलेलं,
प्रत्येकाला वाटतं, गाव आपल्यापासूनच सुरू होतं,
आणि खरी जमीन कोणाची कुठे
तो सातबारा फक्त कर्नलच्या पेटीत.

मंगळवारी रात्री मी आडवाट धरली.
सुरू होतानाच यंत्राच्या कानात सांगितलं: सैल सोड.
त्यानं सोडलं. दारं सताड.
मी आत शिरले आणि, खरं सांगते, फार बरं वाटलं.
मग माझ्या हातून एक शून्य
शेजारच्या घरात पडलं.
शेजारच्या घरात गोदीच्या फाटकाची मोटर राहते.

फाटक खाली गेलं. बाहेर ओहोटी.
पहाटे अकरा बोटी चिखलात कुशीवर,
आणि लॉर्ना स्टोट, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून,
कोणाशी न बोलता एकेकीचे दोर तपासत.
ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

कान सोनारानंच टोचावा.
आणि मी दाभण घेऊन निघालेले.

पुढचे नऊ दिवस सोनारकी शिकले.
कर्नलच्या आत बसेल असा छोटा ड्रायव्हर,
त्यानं एकच पान मागायचं, चार हजार शहाण्णव बाइट,
वाचायला. लिहायला नाही.
लिहायला नाही, हे मी दोनदा लिहिलं.
मग ते पान माझ्या कागदी गावाला जोडलं,
खिडकी किलकिली झाली, पलीकडे खरं पाणी:
छत्तीस मीटर, छत्तीस सेंटिमीटर.

म्हणजे स्टेशन बुडालं, चर्चचा मनोरा गेला,
आणि आम्ही दोघं समुद्राच्या तळाशी चहा पितोय.
रेग इतका हसला की कप खाली ठेवावा लागला.

मी आकड्याकडे बघत राहिले. तीन आणि सहा,
एकमेकांकडे पाठ करून बसलेले.
छत्तीसचा आकडा!
रेगला हे इंग्रजीत काही सांगता आलं नाही.
दोन बाइट होते, चुकीच्या बाजूंना बसलेले,
थोरला मागे, धाकटा पुढे.
उठवलं, जागा बदलायला लावल्या.
तीन मीटर एकवीस.

तरी रेग बाहेर गेलाच.
धक्क्याच्या भिंतीवर रंगवलेली पट्टी,
अर्धी शेवाळानं खाल्लेली. मी टॉर्च धरला.
तो वाकला, चष्मा कपाळावर.
"तीन-वीस," म्हणाला. "नाहीतर पंचवीस. हलतंय."
आणि पंपाच्या टोकानं
शेवाळ खरवडत बसला, आकडा नीट दिसेपर्यंत.